'रूम टेंपरेचर'ची खोली नेमकी कुणाची?

नाशिकच्या वाइन चाखण्याच्या टेस्टिंग रूममध्ये दोनदा जाऊन आलात, तर ग्लास देठाला धरणं, फिरवणं, हुंगणं, कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) आधी आणि गोड शेवटी, हे सगळं ठाऊक असेलच. त्यात वेळ घालवत नाही.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची' हे मात्र डोक्यातून काढून टाका. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. ती खोली युरोपातल्या गार घरातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे एप्रिलात घरात 32 अंश सहज असतात. तेवढ्या गरम शिराझमधलं (ही एक रेड वाइन) 13-14 टक्के अल्कोहोल आधी नाकात चढतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. मग वहीत नोंद होते 'जहाल, बेचव'. दोष वाइनचा नसतो.

'वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा' हा सल्लाही 21-22 अंशांच्या घरासाठीचा. 32 अंशांची बाटली फ्रिजमध्ये 17 वर यायला दीड-पावणेदोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात फटी राहतात, काचेला गारवा धड लागत नाही. रेडला 10-12 मिनिटं पुरतात, शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनला साधारण 25. रेड 15 अंशांवरच ओता, ग्लासात ती चढतेच. उलट चूकही होते. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या रेडचं टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं. तिला लगेच नापास करू नका, पाऊण तास बाहेर राहू द्या.

हे एकदा जमलं की कुठल्या जेवणाला कुठली वाइन हे कोडं निम्मं सुटतं, खरंच. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेच्याच नसा चेतवतं, अल्कोहोलही त्याच चेतवतं. म्हणून मिसळीबरोबर कोमट शिराझ म्हणजे तर्रीवर पुन्हा तर्री. तिथे किंचित गोडसर शेनिन, 8 अंशांवर. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन. तिचा आंबटपणा लिंबाचं काम करतो.

पेअरिंगचे (पदार्थ-वाइनच्या जोड्यांचे) तक्ते पाठ करण्यापेक्षा चार बशा मांडा : मीठ, लिंबाची फोड, गूळ, लाल तिखट. एकच कोरडी रेड, 60 मिली. प्रत्येक बशीतलं चिमूटभर जिभेवर, मग घोट, मग पाणी. तिखट शेवटी, नाहीतर बाकीच्या बशा फुकट. मिठानंतर तुरटपणा मवाळ होतो. लिंबानंतर तीच वाइन गोडसर लागते. गुळानंतर ती आंबट आणि पाणचट होते. पहिल्या खेपेला फरक कळला नाही तरी घाबरू नका. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळतो.

'सीडर (देवदारासारखं लाकूड), ब्लॅककरंट (एक परदेशी बेरी)' असे वासांचे शब्द घोकायला लावणाऱ्या गुरूंपासून जरा लांबच राहा. वाइनची परीक्षा द्यायची असेल तर ते शब्द शिकावेच लागतील, पण वहीत आधी करवंद, जांभूळ, ढोबळी मिरची असंच लिहा. जे कधी हुंगलंच नाही ते ग्लासात सापडायचं कसं?

आणि पुरणपोळी. लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) शेनिन गोड म्हणून सगळे तीच सुचवतात. पण वाइन पदार्थाहून गोड असावी लागते, आणि पुरण बहुधा तिच्या पुढे जातं. पुरणात गूळ कमी असेल तरच बाटली उघडा.