पक्षीचित्रांच्या प्रती विक्रीला काढण्यापूर्वी

पक्षीचित्रांच्या छापील प्रती विकून निसर्गसंवर्धन संस्थेला निधी द्यायचा असेल, तर छापखान्यात जाण्याआधी पैशांची बोलणी कागदावर यावीत. ‘उत्पन्न संस्थेला’ एवढे मोघम लिहून भागत नाही. संस्थेचा वाटा एकूण विक्रीतून काढायचा की छपाई, वेष्टन आणि टपालखर्च वजा करून, आणि तो केव्हा पोचता करायचा, हे चित्रकार व संस्था यांच्यात लेखी ठरावे आणि तेच शब्द ग्राहकालाही खरेदीपूर्वी वाचायला मिळावेत. संस्थेचे नाव व बोधचिन्ह वापरण्याची परवानगी त्याच कागदावर घ्यावी. मूळ चित्र विकत घेतल्याने त्याच्या प्रती काढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, म्हणून चित्रकाराची संमती हवी. चित्र दुसऱ्याच्या छायाचित्रावरून काढले असल्यास त्या छायाचित्रकाराचीही.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच घाईत राहून जाते: चित्र जाणकार पक्षीनिरीक्षकाच्या नजरेखालून घालणे. चिमणीसारख्या पक्ष्यांच्या पायाची तीन बोटे पुढे व एक मागे असते, तर बहुतेक सुतारपक्ष्यांची दोन पुढे व दोन मागे. सुताराचा पाय चिमणीसारखा काढला गेला, तर खोडावरची ती पकड जाणकाराला लगेच खोटी वाटते. विणीच्या हंगामात ज्यांची पिसे बदलतात, असा पक्षी घरट्याजवळ दाखवताना त्याच काळातला पेहराव हवा. घरट्याचे चित्र असल्यास त्याचा नेमका ठिकाणा चित्राखालच्या मजकुरात देऊ नये, कारण ज्या पक्ष्यासाठी निधी उभा करायचा त्याच्याच दाराशी गर्दी लोटणे योग्य नव्हे.

छपाईसाठी चित्र मूळ आकारातच हवे असेल तर ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) आणि दुप्पट मोठे करायचे असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. जलरंगातील अगदी फिकट छटा स्कॅनमध्ये हमखास उडतात, तेव्हा पोटाकडच्या पांढुरक्या पिसांवर विशेष लक्ष असावे. खंड्याच्या पाठीचा चमकदार निळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटतो, त्यात निळे रंगद्रव्य नसते. साहजिकच शाईत तो पुरता उतरत नाही, आणि पडद्यावर दिसला तसा कागदावर येईल ही अपेक्षाही धरू नये. नमुना प्रत काढून ती मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात पाहावी आणि मगच पूर्ण छपाईला होकार द्यावा. कागद आम्लमुक्त असावा, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे न विरघळणारे बारीक कण असलेली असावी; विरघळणाऱ्या रंगाच्या साध्या (डाय) शाईची चित्रे उजेडात लवकर फिकी पडतात.

मर्यादित आवृत्ती जाहीर केल्यास प्रतींची संख्या आधीच ठरवून प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक व सही घालावी, आणि मागणी कितीही वाढली तरी त्या आवृत्तीत एकही प्रत वाढवू नये. प्रती कोरड्या हातांनी कडेला धरूनच हाताळाव्यात. लहान आकाराच्या प्रती ताठ पुठ्ठ्याच्या आधाराने सपाट पाठवाव्यात, मोठ्या आम्लमुक्त कागदात गुंडाळून रुंद नळकांड्यातून.

विक्रीची नोंद पहिल्या प्रतीपासून ठेवावी, आणि संस्थेला रक्कम दिल्यावर तिची पावती व एकूण आकडा ग्राहकांना कळवावा. न खपलेल्या प्रती चित्रकाराकडे परत जाणार की संस्थेकडे राहणार, हेही पहिल्याच करारात लिहून ठेवावे.