एनजीएफ चेतापेशींना वाचवते का? प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत

चेतापेशीला जगायला नुसते ग्लुकोज आणि ऑक्सिजन पुरत नाही. ‘मरू नकोस’ हा संदेशही तिला बाहेरून सतत मिळावा लागतो आणि तो वाढघटक नावाची प्रथिने देतात. त्यांतले सर्वांत आधी सापडलेले प्रथिन म्हणजे एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतातंतूंचा वाढघटक). वाढघटकांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. एनजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीआरके-ए या ग्राहीला (बाहेरचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडले जाते. त्यातून एकेटी हे एन्झाइम सक्रिय होते आणि ते ‘बॅड’ नावाच्या मारक प्रथिनावर फॉस्फेट बसवून त्याला निष्प्रभ करते. म्हणजे हे पेशीचे पोषण नव्हे. पेशीत तयारच असलेला आत्मनाशाचा कार्यक्रम दाबून धरला जातो.

हे पाहायला पीसी१२ या पेशी सोयीच्या. उंदराच्या (रॅटच्या) एड्रिनल ग्रंथीतल्या गाठीपासून तयार झालेली पेशींची ही वंशावळ १९७६ पासून वापरात आहे. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव, जो पेशींच्या खाद्यात मिसळतात) काढून घेतले की या पेशी मरू लागतात आणि एनजीएफ दिले की तगतात.

प्लेट आणि पेशी

पेशी तळाला चिकटाव्यात म्हणून ९६ खळग्यांच्या प्लेटला पॉली-डी-लायसिनचा (५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) थर तासभर द्या. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन प्लेट कोरडी करा. इथे घाई नको, कारण न चिकटलेले पॉली-लायसिन स्वतःच पेशींना विषारी असते. पीसी१२ पेशी गुठळ्या करून वाढतात, म्हणून २२ गेजच्या सुईतून पाच-सहा वेळा हळूच ओढून त्या सुट्या करा. प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर माध्यमात सुमारे २०,००० पेशी घाला. माध्यम म्हणजे आरपीएमआय १६४० हे पोषक द्रावण, त्यात १० टक्के घोड्याचे आणि ५ टक्के गर्भस्थ वासराचे सीरम. काठावरच्या खळग्यांत पेशी न घालता नुसते बफर भरा. तिथे बाष्पीभवन जास्त होते आणि आकडे बिघडतात. ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये २४ तास ठेवा.

एनजीएफचे द्रावण

हे प्रथिन प्लास्टिकला चिकटते, त्यामुळे पातळ द्रावणात ०.१ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन प्रथिन) हवेच. मूळ द्रावण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचे करून छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका. प्रयोगात ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लागते. एकदम दोन हजार पट पातळ करू गेलात तर अर्धा मायक्रोलिटर मोजावा लागतो आणि तिथे पिपेट हमखास चुकते. आधी ५ मायक्रोलिटर मूळ द्रावण ९५ मायक्रोलिटर माध्यमात मिसळा, मग त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मध्ये. घटक विकत घेताना ते परिपक्व बीटा-एनजीएफ असल्याची खात्री करा. त्याचे पूर्वरूप, प्रो-एनजीएफ, पी७५ या दुसऱ्या ग्राहीमार्फत पेशींना मारूही शकते.

गट पाडणे

प्रयोगाचा जीव या टप्प्यात आहे. सीरमविरहित माध्यमाने खळगे तीनदा धुवा, पण धार तळावर न सोडता भिंतीवरून सोडा. जोर जास्त झाला तर पेशी निघून जातात. धुणे कमी पडले तर उरलेले सीरमच पेशींना वाचवते आणि नुकसान दिसतच नाही. मग प्रत्येकी सहा खळगे असे ठेवा: सीरमसह, सीरमविरहित, सीरमविरहित अधिक एनजीएफ, सीरमविरहित अधिक एनजीएफ आणि के२५२ए (ग्राही अडवणारे औषध), सीरमविरहित अधिक नुसते के२५२ए, आणि पेशी नसलेले रिकामे.

के२५२ए हे टीआरके ग्राहीचे अवरोधक. २०० नॅनोमोलर पुरते आणि ते एनजीएफच्या अर्धा तास आधी घालावे. ते डीएमएसओ या विद्रावकात विरघळवतात, म्हणून बाकीच्या गटांतही तेवढेच डीएमएसओ (०.१ टक्क्यापेक्षा कमी) घाला. एनजीएफ देऊन पेशी जगल्या, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. द्रावणातल्या बीएसएनेही थोडा फरक पडू शकतो, म्हणून तेही सर्व गटांत सारखे ठेवा. ग्राही अडवल्यावर संरक्षण नाहीसे झाले, तरच ते एनजीएफच्या संदेशामुळे होते असे म्हणता येते. आणि नुसत्या के२५२एने पेशी सीरमविरहित गटापेक्षा जास्त मेल्या, तर ते औषधच विषारी ठरतेय. मग मात्रा कमी करून प्रयोग पुन्हा करा.

मोजणी

२४ तासांनी आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मरणाऱ्या पेशी आकसलेल्या आणि चकचकीत दिसतात. मग प्रत्येक खळग्यात ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे १० मायक्रोलिटर एमटीटी (जिवंत पेशी ज्याचे जांभळे स्फटिक करतात असा पिवळा रंग) घालून चार तास थांबा. माध्यम उपसू नका, कारण सैल पेशी त्याबरोबर जातात. स्फटिक विरघळायला त्यातच १०० मायक्रोलिटर विद्रावक (१० टक्के एसडीएस, ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात) घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवा आणि ५७० नॅनोमीटरवर किती प्रकाश शोषला जातो ते वाचा. रिकाम्या खळग्यांचा आकडा वजा करा.

समजा सीरमसह १.००, सीरमविरहित ०.४५ आणि एनजीएफसह ०.८० आले. मग संरक्षण म्हणजे ०.३५ भागिले ०.५५, सुमारे ६४ टक्के.

मात्र एमटीटी पेशींची चयापचय क्रिया मोजते, मृत्यू नाही. एनजीएफ ती क्रियाही वाढवते, त्यामुळे फक्त या आकड्यावर विसंबू नये. वेगळ्या प्लेटवर होएश्ट ३३३४२ (सर्व पेशींची केंद्रके रंगवते) आणि प्रोपिडियम आयोडाइडने (फक्त मेलेल्या पेशींची रंगवते) केंद्रके रंगवा आणि प्रत्येक खळग्यात निदान ३०० पेशी मोजा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. दोन्ही रंग डीएनएला चिकटतात, हातमोजे घालूनच हाताळा.

एका प्लेटमधले सहा खळगे म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या पेशींवर किमान तीनदा करा आणि सांख्यिकी त्या तीन आकड्यांवर लावा.

एसएच-एसवाय५वाय या माणसाच्या गाठीपासून तयार झालेल्या पेशींवर बीडीएनएफ हा दुसरा वाढघटक तपासायचा असेल, तर आधी रेटिनोइक आम्ल (१० मायक्रोमोलर) सुमारे पाच दिवस द्या. त्याशिवाय त्यांच्यात बीडीएनएफचे टीआरके-बी ग्राही पुरेसे नसतात आणि घटक चांगला असूनही काहीच घडत नाही.