सगळे जीवन सूर्यावरच चालते का? नदीच्या गाळातून तपासण्याची रीत

सूर्याशिवाय कोणी जगू शकते का, असे मुलांनी विचारले की आपण चटकन ‘नाही’ म्हणतो. परंतु हे उत्तर पडताळून पाहण्याची सोय सांगलीकरांच्या हाताशीच आहे. हरिपूरला कृष्णा आणि वारणा जिथे एकत्र येतात, तिथला काठालगतचा काळा, वास येणारा गाळ पाणी ओसरलेले असताना बादलीभर आणावा. खडे आणि काड्या निवडून निम्म्या गाळात वर्तमानपत्राचे बारीक कपटे, अंड्याच्या कवचांची पूड आणि एका उकडलेल्या अंड्याचा बलक कालवावा. हे मिश्रण दोन पारदर्शक बाटल्यांच्या तळाशी भरून त्यावर साधा गाळ आणि शेवटी दोन बोटे नदीचे पाणी घालावे. आत वायू तयार होत असल्याने तोंडाला प्लॅस्टिकचा कागद सैलच बांधावा; घट्ट झाकण लावू नये.

एक बाटली खिडकीत ठेवावी, दुसरी काळ्या कागदात गुंडाळावी. सहा ते आठ आठवड्यांत उजेडातल्या बाटलीत हिरवे आणि जांभळट पट्टे उमटू लागतात, कारण तिथले जिवाणू प्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करतात. अंधारातल्या बाटलीत हे रंग दिसत नाहीत, पण गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे तिथेही जीव आहेत. येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ते जीव कपट्यांवर आणि बलकावर जगत आहेत. कागद झाडाचा, बलक दाणे खाणाऱ्या कोंबडीचा, आणि दोन्ही शेवटी उन्हाचेच. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, अंधारात राहिलेल्या हळदीतही शेतातलेच ऊन साठलेले असते. म्हणून वहीत उजेड आहे की नाही एवढेच न लिहिता ‘अन्न कोठून आले’ आणि ‘प्राणवायू कोठून आला’ असे दोन रकाने आखावेत.

दुसरा रकाना मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळाशी उष्ण झरे सापडले. तिथल्या नळीकृमींच्या शरीरातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात, म्हणजे पहिल्या रकान्यात सूर्य नाही. पण त्यासाठी लागणारा, पाण्यात विरघळलेला प्राणवायू वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.

दोन्ही रकान्यांतून सूर्य वगळला जातो तो खडकाच्या पोटात. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल पाण्यात सापडलेला एक जिवाणू, युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे विघटन होऊन सुटणाऱ्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर जगतो. त्याला प्राणवायू लागतच नाही. अशा जिवांचा शोध आपल्या शेजारीही सुरू आहे: कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यात घेतलेल्या खोल छिद्रांमधून निघालेल्या बेसाल्ट आणि ग्रॅनाइटच्या नमुन्यांतील सूक्ष्मजीव शास्त्रज्ञ तपासत आहेत.