मृगाआधीचा गोठा : दुभत्या जनावरांसाठी पावसाळ्यापूर्वीची तयारी

गोठ्याची पावसाळी तयारी ढग दिसल्यावर सुरू केली तर निम्मी कामं वाया जातात, कारण प्रत्येक कामाला लागणारे दिवस ठरलेले आहेत. घटसर्पाची लस अंगी लागायला दोन ते तीन आठवडे जातात. काडावरच्या युरिया प्रक्रियेला २१ दिवस लागतात, मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) मुरायला ४५. म्हणून तारखा उलट्या मोजाव्यात, आणि त्याही ७ जूनपासून मोजू नयेत. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचला. तेव्हा घाटमाथा, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात २५ मे ही शेवटची तारीख धरा. मराठवाडा आणि विदर्भात आठ-दहा दिवस जास्त मिळाले तर ते वरकड समजा.

सर्वांत आधी वैरणीचा हिशेब, तोही वजनात. 'शंभर पेंढ्या आहेत' याला अर्थ नाही, पेंढी दोन किलोचीही असते आणि चार किलोचीही. पाच पेंढ्या काट्यावर ठेवून सरासरी काढा. जून ते सप्टेंबर १२० दिवसांत एका मोठ्या जनावराला रोज ५ किलो सुका चारा धरला तर ६०० किलो लागतो. पावसाळ्यात हिरवं भरपूर असतं म्हणून सुका चारा उन्हाळ्यातच संपवून टाकणं ही नेहमीची चूक आहे, आणि ती जुलैत डेअरीच्या पावतीवर दिसते. कोवळ्या हिरव्या गवतात पाणीच जास्त आणि तंतू कमी. जनावर रवंथ कमी करतं, पोटातलं आम्ल वाढतं आणि फॅट घसरते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) हा दराचा पाया असल्यामुळे त्याखाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला कपात बसते. अशा वेळी पेंड वाढवून फॅट परत येत नाही, सुकी वैरण दिल्यावर येते.

कडब्याची गंजी जमिनीवर रचू नका. खाली दगड आणि त्यावर लाकडं टाकून अर्धा फूट उंची घ्या, माथा पाखासारखा उतरता ठेवा. ताडपत्री पायथ्यापर्यंत लपेटू नये, खालचा दीड-दोन फूट भाग हवेला मोकळा हवा. पूर्ण झाकलेल्या गंजीत आतली वाफ बाहेर पडत नाही आणि मधल्या पेंढ्या काळ्या पडतात. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात युरिया प्रक्रिया करून घ्या. १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर शिंपडत पायानं दाबत जायचं आणि प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस सोडायचं. उघडल्यावर तासभर पसरून ठेवा, म्हणजे डोळ्यांत झोंबणारा वास उडतो. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा द्यायचा नाही. युरियाचं पाणी उरलेली बादली गोठ्यात विसरली आणि गाईनं तोंड घातलं तर ती काही तासांत दगावू शकते, एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मूरघासासाठी मका दाणे दुधाळ अवस्थेतून चिकात जात असताना कापा. मूठभर कुट्टी हातात घट्ट दाबून सोडली तर गोळा हळूहळू सुटला पाहिजे. पाणी ठिबकलं तर मका अजून कोवळा आहे, गोळा लगेच विस्कटला तर वाळला आहे. कुट्टी दोन ते तीन सेंटिमीटरची हवी. त्याहून लांब तुकडे नीट दबत नाहीत, हवा राहते आणि हवा राहिली की बुरशी येते. एका गाईला रोज १५ किलोप्रमाणे तीन महिन्यांना साधारण १३५० किलो लागतं, त्यावरून बॅगा मोजा. बॅगा भरून झाल्यावर उंदरांकडे लक्ष ठेवा. एक छिद्र सापडलं तरी त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. बॅग उघडल्यावर एकाच बाजूनं रोज किमान चार बोटं जाडीचा थर काढायचा आणि लगेच तोंड बांधायचं. सुरुवात ५ किलोनं करून आठवडाभरात पूर्ण मात्रेवर या.

पेंड आणि भुसा पावसाळ्यात तीन आठवड्यांपेक्षा जास्त साठवू नका, घाऊक दर कितीही चांगला मिळाला तरी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. गाठी झालेली, कुबट वासाची सरकी पेंड वाळवून खाऊ घालण्याचा मोह टाळा. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हानं जात नाही आणि खाल्ल्यावर दुधात उतरतं. ते दूध तुमच्या घरातलं मूलही पितं.

आता लसीकरण. लस टोचण्याआधी आठ-दहा दिवस जंतनाशक द्या. दवाखान्यात शेण तपासून घेतलं तर पर्णकृमी आहेत की गोलकृमी हे कळतं आणि नेमकं औषध मिळतं. दरवेळी तीच गोळी देत राहिलं तर कृमी तिला दाद देईनासे होतात. नदीकाठी, भातखाचरात, कालव्याच्या पाझरात चरणाऱ्या जनावरांना पर्णकृमीचं औषध पावसाळ्याआधी आणि पाऊस संपल्यावर असं दोनदा लागतं, कारण गोगलगाय हा त्या कृमीचा वाहक आहे. जनावर गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, काही जंतनाशकं सुरुवातीच्या गाभणकाळात चालत नाहीत.

घटसर्प आणि फऱ्या या दोन लसी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टोचून झाल्या पाहिजेत. घटसर्पाचा धोका म्हशींना जास्त. ताप १०६-१०७ अंशांपर्यंत चढतो, गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरतो आणि जनावर दिवसभरात हातचं जातं. उपचाराला सवडच मिळत नाही, म्हणून लसीला पर्याय नाही. फऱ्या मात्र सहा महिने ते दोन वर्षांच्या धडधाकट कालवडींना आधी धरतो. फऱ्याची सूज दाबली की करकर आवाज येतो. लाळ्या खुरकताची लस राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात वर्षातून दोनदा मोफत मिळते, चार महिन्यांवरच्या सगळ्या जनावरांना. लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस दिली जाते. २०२२ च्या साथीनंतर ती मधली काही वर्षं आठवणीनं टोचली गेली, आता पुन्हा ढिलाई दिसते. लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं आणि टोचल्या जागी गाठ येते, हे खरं. दूध पुन्हा चढतं. त्या दोन-तीन दिवसांच्या दुधासाठी गाय पणाला लावू नये. लसीची बाटली बर्फाच्या पेटीतच आणलेली आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. २ ते ८ अंशांबाहेर राहिलेली लस टोचली न टोचली सारखीच.

टॅग मारणं, शिंगकळ्या जाळणं, खच्चीकरण ही जखमेची कामं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. पावसाळी हवेत माशा बसून जखमेत आसडी (अळ्या) पडते.

गोठ्याच्या जमिनीची परीक्षा एका बादलीत होते. गव्हाणीकडून पाणी ओता, ते न थांबता मोरीपर्यंत गेलं पाहिजे. ५ फुटांना १ इंच उतार पुरतो, जास्त दिला तर गाभण जनावरं घसरतात. जिथं डबकं थांबतं तिथं आत्ताच सिमेंट भरा. मुक्तसंचार गोठ्यात मोकळ्या जागेवर मुरूम टाकून मधोमध उंचवटा करा, गाईला बसायला कोरडी पाठ मिळाली की निम्मे आजार टळतात. पत्र्याच्या जे-हुकांखालचे रबरी वायसर उन्हानं चिरलेले असतात, गळती बहुतेक तिथूनच होते. पाऊस आत येतो म्हणून चारी बाजूंनी पोती लावून गोठा कोंदट करू नका. वरचा दोन फुटांचा भाग उघडा हवा, नाहीतर मुताची वाफ कोंडून वासरांना न्यूमोनिया होतो.

विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या. कुट्टी यंत्र, दूध काढणी यंत्र, पाण्याची मोटार यांच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आहे का आणि गोठ्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे तपासा. ओल्या जमिनीवर चार पाय लांब अंतरावर टेकलेल्या जनावराला माणसापेक्षा सहज झटका बसतो. आपल्याला मुंग्या आल्यासारखं वाटलं तेवढा प्रवाहही गाईला घातक ठरू शकतो.

कासदाहाची (कासेच्या सुजेची) तयारी पाऊस यायच्या आधी संपूर्ण गोठ्याची सीएमटी ही दुधाची चाचणी करून करा. चारही सडांचं दूध वेगवेगळ्या कपात, तेवढंच चाचणीचं द्रावण, आणि हलवल्यावर जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडात छुपा दाह आहे. असं जनावर शेवटी पिळायचं. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं आणि चिखलात बसलेल्या गाईला तेवढा वेळ पुरे होतो. म्हणून प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. कास पुसायला प्रत्येक गाईचं फडकं वेगळं. चुन्याची फक्की मारायची तर ती जमिनीवर पातळ, कोरडी आणि विझवलेल्या चुन्याचीच. कळीच्या चुन्यानं सड भाजतात.

खुरांसाठी दारात चार-सहा बोटं खोल हौद करा. १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद, आठवड्यातून दोनदा. आधी साध्या पाण्यानं खुरं धुवा, शेणानं मोरचुदाचा जोर मरतो. जनावर ते पाणी पिणार नाही हे बघा, आणि वापरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका. वाढलेली खुरं मात्र मेमध्येच साळून घ्या.

गोचीड अंगावर दिसते त्याहून जास्त भिंतीच्या भेगांत असते. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं गाईवर फवारून महिन्याभरात पुन्हा तेच होतं. भेगा फ्लेमगननं शेकून सिमेंटनं बुजवा, मग गोठा आणि जनावर एकाच दिवशी फवारा, आणि १५ दिवसांनी पुन्हा. औषधाची मात्रा आणि दूध किती दिवस घालायचं नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा. संकरित गाईंना गोचीड तापाचा तडाखा जास्त बसतो. तिवा (तीन दिवसांचा ताप) पसरवणाऱ्या चिलटांच्या बंदोबस्तासाठी शेणखड्डा गोठ्यापासून आणि विहिरीपासून दूर हलवा.

गढूळ पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) लागते. चांगल्या पावडरीची ढोबळ मात्रा १००० लिटरला २.५ ग्रॅम, आणि टाकल्यावर तासभर थांबायचं. पिण्याच्या हौदाला आतून पंधरा दिवसांनी चुना द्या.

बऱ्याच म्हशी जुलैपासून पुढं वितात. त्यांना विण्याआधी ६० दिवस आटवा, कोरडी जागा वेगळी करा, नाळेसाठी टिंक्चर आयोडीन आणून ठेवा. पारडाला पहिल्या दोन तासांत चीक मिळाला पाहिजे.

कागदांसाठी एक दुपार द्या. प्रत्येक जनावराच्या कानातला १२ अंकी टॅग आणि भारत पशुधन या सरकारी पोर्टलवरची नोंद जुळते का, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, एवढं पाहा. २०२४ मध्ये राज्य सरकारनं गाईच्या दुधाला आधी लिटरमागे ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं, ते टॅग आणि खात्याच्या नोंदींवरच अवलंबून होतं. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा आता हप्त्याच्या १५ टक्के आहे; टॅग गळालेल्या जनावराचा दावा अडतो, म्हणून गळाला की लगेच कळवा. वैरण-पेंडीसाठी खेळतं भांडवल हवं असेल तर दुग्धव्यवसायालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. आजारपणात १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं.

कृष्णा, पंचगंगेच्या काठच्या गोठ्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर धरून तयारी करावी. जनावरं कोणत्या उंच जागेवर न्यायची, वाट कोणती, पाच दिवसांची वैरण तिथं कुणाकडे ठेवायची, हे आत्ता ठरवा. दाव्याला ओढताच सुटणारी गाठ मारा. पाणी चढलं आणि हलवणं जमलं नाही तर निदान दावी सोडा, मोकळं जनावर पोहतं. वीज आणि पुरात दुभतं जनावर दगावलं तर आपत्ती निकषांत गाय-म्हशीला ३७,५०० रुपये मदत आहे, पण त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकाचं शवविच्छेदन लागतं. कलेवर आधी पुरू नका, टॅगसह फोटो काढा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या, आणि एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला जनावर बांधू नका.

पाऊस पडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस चरायला सोडण्याआधी दोन-तीन किलो सुका चारा द्या, नाहीतर कोवळ्या गवतानं हगवण आणि पोटफुगी होते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण बंद करू नका. आणि ज्वारीकडे विशेष लक्ष द्या: पेरणीनंतर पावसानं ताण दिला की गुडघाभर कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत विष साठतं. त्यानं किराळ लागते, जनावर थरथरत कोसळतं. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत तो बांध कुंपणानं बंद ठेवा.