एसयू कार्ब्युरेटर खोलताय? या चुका टाळा

एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आयडलला (उभी असताना मंद चालताना) जरा अडखळली, की नवा मालक पाना घेऊन थेट तिच्या एसयू कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागावर, तुटून पडतो. अहो, आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा. थंड इंजिनावर ०.०१५ इंच फट हवी. मग पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे), मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). हे तिन्ही जागेवर आल्याशिवाय मी जेटच्या (पेट्रोल येतं त्या नळीच्या) नटाला हात लावत नाही. आपल्या जुन्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्याच बी-सीरिज घराण्यातलं, तिथेही हाच क्रम.

आता माझं खास दुखणं. इथे इंग्लंडात एक तरुण १९६७ची गाडी टो करून माझ्याकडे घेऊन आला. तिच्या दोन्ही एचएस४ (एसयूचंच एक मॉडेल) कार्ब्युरेटरचे भाग एकाच बिस्किटाच्या डब्यात! वर कार्ब्युरेटरमधले पिस्टन पॉलिश पेपरने घासून आरशासारखे चकचकीत केलेले. मोठ्या अभिमानाने दाखवत होता. एसयूत पिस्टन आणि वरचं चेंबर यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दोघांमधल्या केसाएवढ्या फटीवर आतला व्हॅक्यूम ठरतो, त्यावर पिस्टन किती उचलला जाणार ते, आणि त्यावर जेटमधल्या सुईजवळून किती पेट्रोल जाणार ते. मी पिस्टन एकेका चेंबरमध्ये घालून बघितले. एक धपकन पडला, दुसरा अर्ध्यावरच अडकला. अदलाबदल करूनही घासलेलं थोडंच भरून येणार? शेवटी दोन्ही जोड्या बदलाव्या लागल्या. माझ्याकडे लाडवांचे दोन रिकामे डबे आहेत, एकावर ‘पुढचा’, दुसऱ्यावर ‘मागचा’. एक कार्ब्युरेटर पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरा खोलतच नाही. आणि पिस्टनला फक्त पेट्रोल नि मऊ फडकं.

डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या तेलाच्या नळीत) तेल नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खाते. साधं २० ग्रेडचं इंजिन ऑइल घाला.

थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) झिजला असेल तर गॅस्केटचं महागडं किट आणून पैसे वाया घालवू नका. इंजिन चालू ठेवून स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला की तिथून हवा ओढतंय. बुश (दांडा फिरतो ती बाही) बदला.

बटरफ्लायचे (त्या झडपेचे) स्क्रू नवेच घ्या आणि त्यांची चिरलेली टोकं फाकवा. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो.

मिश्रण लावायची घाई तर विचारू नका. इंजिन गरम झालेलं नसतं, दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतायत का हे रबरी नळी कानाला लावून ऐकलेलं नसतं, आणि नट फिरवणं सुरू! जेट पूर्ण वर घ्या, तिथून नट बारा बाजू, म्हणजे दोन फेरे, खाली. पुढे एका वेळी एकच बाजू. मग बाजूच्या पिनने पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), पडला तर लीन (पेट्रोल कमी). किंचित वाढून लगेच पूर्ववत झाला, की पाना खाली ठेवा.