नवतपा: संत्र्याचं मूळ, कोठ्यातली ढोरं आणि वावरातला माणूस

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, बसतो. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, असं म्हातारी माणसं सांगतात. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा नागपूरकर गृहीतच धरतो. पण पारा ४५ च्या वर चढून तिथेच पाच-सहा दिवस बसला, की संत्र्याच्या बगीचाचे रोजचे हिशेब मोडतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. मैदानी भागात ४५ अंशांपासून उष्णतेची लाट आणि ४७ पासून तीव्र लाट, असं हवामान खात्याचं मोजमाप आहे. समुद्र दूर, वायव्येकडून येणारा कोरडा वारा आणि खाली तापलेली काळी जमीन, यामुळे ही लाट आली की लवकर हलत नाही.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातल्या संत्रा उत्पादकांनी या आठवड्यात एकच गोष्ट डोक्यात ठेवावी, ती म्हणजे वरची एक फूट माती. संत्र्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक या एका फुटातच असतात. ऊन पानांवर दिसतं म्हणून आपण पानांकडे बघत बसतो. पण झाड वाळायला लागतं ते खालून. उघडी काळी जमीन तापते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये हीच बारीक मुळं तुटतात. मूळ तुटलं की विहिरीत पाणी असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

म्हणून पहिलं काम आच्छादनाचं. सोयाबीनचं कुटार, गव्हांडा, धानाचं तणस, वाळलेलं गवत, जे हाताशी असेल ते झाडाच्या घेराखाली चार बोटं तरी जाड पसरा. वीतभर जमलं तर फारच छान. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी सोडा. आच्छादन खोडाला टेकलं की तिथे ओल धरते आणि पुढे पावसाळ्यात डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाला, वाट मिळते. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) असतील तर त्या उचलून नेऊन जाळू नका, बारीक करून तिथेच टाका. कुटार ढोरांना लागतं, बगीचात कसं टाकायचं, हा प्रश्न रास्त आहे. जनावरांनी टाकलेलं, तुडवलेलं उष्टं कुटार रोज एका ओळीला, असं केलं तरी नऊ दिवसांत नऊ ओळी झाकल्या जातात. सुरुवात नव्या कलमांपासून आणि हलक्या, मुरमाड भागापासून करा.

आता पाणी. याबाबत माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती आजही दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे होताना दिसते. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) फळं लिंबाएवढी झाली होती, पानं दुपारी वळलेली दिसली आणि जीव राहवला नाही. वीज होती, म्हणून भर दुपारी एक वाजता पाट फोडला आणि झाडांभोवतीची आळी काठोकाठ भरली. दोन दिवसांनी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला. कोरड्या झालेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं की ते फळ सोडतं. त्यात तापलेल्या चिकण मातीत पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही. पाणी कमी पडून जेवढं नुकसान झालं नसतं, तेवढं घाईच्या पाण्याने झालं.

दुपारी संत्र्याचं पान वळणारच. ती झाडाची स्वतःला वाचवण्याची रीत आहे. झाडाची खरी परीक्षा सूर्य उगवायच्या आधी होते. पहाटे पाचला बगीचात चक्कर मारा. रात्रभरात पान पुन्हा उघडून ताठ झालं असेल तर झाडाचं बरं चाललं आहे. पहाटेही पान वळलेलंच असेल, तर त्या झाडाला त्याच दिवशी पाणी हवं. सोबत खुरपी ठेवा. आळ्याच्या कडेला वीतभर खणून माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि टिकला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही.

किती पाणी द्यायचं, याचा आकडा गावभर एकच सांगितला जातो आणि तो सगळ्यांनाच लागू पडत नाही. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लीटर. झाडाचा घेर चार मीटर रुंद असेल तर त्याखालची जागा साडेबारा चौरस मीटर होते. अशा झाडाने दिवसाला आठ मिलिमीटर पाणी खर्च केलं असं धरलं, तर झाले शंभर लीटर. आता ठिबकची बाजू बघा. ताशी आठ लीटरचे चार ड्रिपर असतील तर ताशी बत्तीस लीटर, म्हणजे तीन तासांच्या वर थोडं. ड्रिपरवर आठ लिहिलेलं असलं तरी क्षार साचून तो चारच देत असू शकतो. एक डबा खाली ठेवून तासाभराने मोजून बघा. ओळीच्या सुरुवातीचा ड्रिपर आणि शेवटचा ड्रिपर, दोन्ही मोजा.

वेळ रात्रीची किंवा पहाटेची ठेवा. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं गरम होतं आणि ते थेट कोवळ्या मुळांवर पडतं. नळ्या आच्छादनाखाली सरकवल्या तर हा त्रास बराच कमी होतो. पाटाने देणाऱ्यांनी दुहेरी आळं करावं, म्हणजे खोडाभोवती मातीचा छोटा कडा आणि पाणी बाहेरच्या कड्यात. रात्री पाणी द्यायला जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च हवाच, कारण ओलाव्याला साप-विंचूही येतात.

विहीर अर्ध्या तासात उपसून रिकामी होत असेल तर सगळ्या बगीचाला थोडं थोडं शिंपडू नका. एक दिवस झाडाची एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी, असं द्या. अर्धी मुळं नीट ओली राहिली तरी झाड तग धरतं. अशक्त झाडांवरची फळं काढून टाका. हे सांगताना मलाही वाईट वाटतं, कारण मेमध्ये टिकलेलं फळ म्हणजे दिवाळीचा पैसा. पण २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेड-वरुड पट्ट्यात उभ्या बागा वाळल्या. गेलेलं फळ पुढच्या वर्षी येतं, गेलेलं झाड पुन्हा फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात.

मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) ताणावर, म्हणजे पाणी तोडून, सोडलेल्या बगीचांचा निर्णय वेगळा आणि अवघड आहे. ताण म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं, मारणं नव्हे. पाव हिस्सा पानगळ झाली आणि पानं फिकी पडली, की ताण बसला असं समजा. भारी जमिनीत याला जास्त दिवस लागतात, हलक्या जमिनीत बरेच कमी. शेजाऱ्याचा ताण चाळीस दिवसांचा म्हणून आपलाही तेवढाच, असं करू नका. शेंडे वरून वाळत खाली येत असतील आणि पहाटेही पान उघडत नसेल तर लाट ओसरायची वाट न बघता रात्री हलकं पाणी द्या. बहार थोडा कमी फुटेल. सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढत बसण्यापेक्षा ते परवडतं.

एक-दोन वर्षांच्या कलमांना दक्षिण आणि पश्चिम बाजूने तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करा. दुपारनंतरचं ऊन याच बाजूंनी लागतं आणि खोडाची साल तडकते. मोठ्या झाडांच्या उघड्या खोडांना चुना लावला तरी सालीला आधार मिळतो. पावसाळ्याआधी बुरशी रोखायला लावायची बोर्डो पेस्ट याच दिवसांत संध्याकाळी लावली तर दोन्ही कामं होतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लीटर पाणी, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत.

फवारणीबद्दल थोडंच सांगतो. पारा पंचेचाळीसवर असताना शक्यतो पंप बाहेर काढूच नका. उन्हाळ्यात कोळी (रस शोषणारी बारीक कीड) वाढतो आणि हात गंधकाच्या पुड्याकडे जातो, पण एवढ्या उन्हात गंधक पानं आणि फळं जाळतं. फळगळीसाठी जिबरेलिक आम्ल १.५ ग्रॅम आणि पोटॅशिअम नायट्रेट १ किलो १०० लीटर पाण्यात, ही फवारणी करायचीच असेल तर लाट उतरल्यावर, जमिनीत ओल असताना, संध्याकाळी करा. कोरड्या मुळांच्या झाडावर वरून काहीही मारलं तरी पैसा वाया जातो.

भाजीवाल्यांनी वांगी, मिरची, टमाटरच्या रोपवाटिकेवर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी किंवा जुन्या साड्या बांधा आणि सकाळ-संध्याकाळ झारीने हलकं पाणी द्या. तोडणी सकाळी आठच्या आत उरकून माल ओल्या पोत्याखाली ठेवा, तरच नागपूरच्या कळमना बाजारात पोचेपर्यंत त्यात जीव राहील. कपाशीची घाई करू नका. १ जूनच्या आधी लावलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला लवकर घर देते. रिकाम्या वावराची खोल नांगरट झाली नसेल तर हीच वेळ. उलटलेल्या ढेकळांतले कोष आणि बुरशी हे ऊन फुकटात मारतं. धुरे (शेताचे बांध) मात्र पेटवू नका. एका ठिणगीने शेजारचा संत्रा जळतो, आणि ती आग विझवायला या दिवसांत पाणी कुणाकडेच नसतं.

ढोरांचं बघू. म्हशीचं कातडं काळं, तिला घामही कमी, म्हणून तिला ऊन गाईपेक्षा जास्त सोसावं लागतं. कोठ्यातल्या टिनाच्या छतावर तणस टाकून ते ओलं करा, बाजूंना पोत्याचे पडदे लावा, पण हवा खेळती ठेवा. कोंदट, ओला कोठा उघड्यापेक्षाही वाईट. दिवसातून चार-पाच वेळा थंड, सावलीतलं पाणी पाजा. टाकं उन्हात असेल तर दुपारी ढोर त्यात तोंड घालत नाही. कडबा-कुटार रात्री आणि पहाटे घाला, कारण चारा पचतानाही अंगात उष्णता तयार होते. पाण्यात थोडं मीठ आणि गूळ चालतो. जनावर तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे ढोरांना खाऊ देऊ नका. त्यात विष तयार झालेलं असतं आणि चांगली दुभती गाय तासाभरात जाते. हिरवं दिसलं म्हणून सोडलेल्या ढोरांचं असं होतं.

आणि माणूस. वावरातलं काम पहाटे पाच ते दहा आणि मग संध्याकाळी पाचनंतर. मजुराला पहाटे बोलावलं आणि दहाला सोडलं तर मजुरी पूर्ण द्या. दुपारच्या चार तासांत जे काम होतं ते त्या माणसाच्या जिवापेक्षा मोठं नाही. बांधावर पाण्याचा माठ झाडाखाली ठेवा, तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला लावा. डोक्याला ओला दुपट्टा, घरून कैरीचं पन्हं किंवा ताक. जलसंजीवनी घरी करता येते: एक लीटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की काम थांबवून सावलीत बसा. माणूस बरळायला लागला, अडखळत बोलायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. तिथेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा खिशात ठेवण्याला माझी हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर भर उन्हात कुणाला पाठवू नका. एकट्या माणसाला तर अजिबातच नाही. ओलिताला रात्री जाणाऱ्यानेही घरी सांगून जावं.

मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खात्याचा जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. लाट उतरताना बहुतेक वेळा संध्याकाळचं वादळ येतं. त्याआधी फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्या आणि स्टार्टरच्या पेटीजवळची लोंबणारी तार वायरमनकडून घट्ट करून घ्या. वळवाचा पहिला शिडकावा झाला की आच्छादन काढायचा मोह होतो. ते तसंच राहू द्या, आणि खोडाजवळ सरकलं असेल तेवढं हाताने मागे ओढा.