ढवळायचं की घुसळायचं? घरच्या शाम्पू-कंडिशनरमधल्या या चुका टाळा

पहिल्यांदा शाम्पू केला तेव्हा मी थेट हँड ब्लेंडर घातला. माल जेमतेम अर्धा लिटर, गंज तीन लिटरचा, आणि दोन मिनिटांत फेस काठावर. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "काय वं, दूध उतू चाललं का?" दूध असतं तर गॅस बंद केल्यावर खाली बसलं असतं. हा फेस दुसऱ्या दिवशी दुपारी बसला, आणि तेव्हा कळलं की घाईघाईत भरलेल्या दोन बाटल्यांत शाम्पू एकीपुरताच होता.

त्यानंतरच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच निघालं: दोन्ही वस्तू एकाच हत्याराने करायला जाणं. आपण साखर ढवळतो, ताक घुसळतो, अंडं फेटतो, वरण घोटतो. स्वयंपाकात ही गल्लत कोणी करत नाही. शाम्पूतलं जवळजवळ सगळं पाण्यात विरघळतं, म्हणून तो सरबतासारखा ढवळायचा. कंडिशनरमध्ये मेणासारखे घटक, तेल आणि पाणी एकजीव करायचं असतं, तेलाचे थेंब बारीक फोडावे लागतात, म्हणून तो घुसळायचा. तोही थोडाच वेळ.

शाम्पू: फेस, गुठळ्या आणि मीठ

फेस देणाऱ्या घटकांचं कामच हवा धरून ठेवणं. त्यामुळे शाम्पूसाठी ब्लेंडर, रवी, कॉफी फेसाळायची बॅटरीवरची काडी, यातलं काहीच नको. सिलिकॉनचा स्पॅच्युला किंवा लांब दांड्याचा स्टीलचा चमचा पुरतो. तो तळाशी टेकवून सावकाश फिरवायचा, वरचा पृष्ठभाग फुटू द्यायचा नाही. पाणीही उंचावरून न ओतता भांड्याच्या कडेने सोडा. एवढं करूनही फेस आलाच तर झाकण ठेवून रात्रभर सोडून द्या आणि बाटल्या सकाळी भरा.

गुठळ्यांचं कारण बहुतेकदा पाणी घालण्याच्या पद्धतीत असतं. एसएलईएसची (सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे शाम्पूला फेस देणारा घटक) ७० टक्क्यांची पेस्ट घेतली आणि तिच्यावर घोट-घोट पाणी घालत बसलो, तर ती पातळ व्हायची सोडून आणखी ताठ होते, जेलीसारखी. पीठ मळण्याची सवय इथे नडते. सगळं पाणी आधी गंजात घ्या, पेस्ट त्यात लहान तुकड्यांनी सोडा, झाका आणि दोन-चार तास विसरून जा. मग हलक्या हाताने ढवळलं की काम होतं. झँथन गम, म्हणजे घट्टपणा आणणारी पूड, मात्र आधी ग्लिसरिनमध्ये कालवून घ्यायचा. कोरडा भुरभुरला तर साबुदाण्यासारखे गोळे तयार होतात आणि कितीही ढवळलं तरी जात नाहीत.

शाम्पू पातळ वाटला म्हणून मीठ, आणखी पातळ झाला म्हणून आणखी मीठ, ही चूक मी सलग दोनदा केली. एसएलईएसचा शाम्पू मिठाने एका हद्दीपर्यंतच घट्ट होतो, ती ओलांडली की परत पाण्यासारखा. म्हणून मीठ पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने घाला, दर वेळी थोडं थांबून बघा. ग्लुकोसाइड हा फेस देणारा घटक वापरलेल्या सौम्य शाम्पूवर तर मिठाचा फारसा परिणामच होत नाही. तिथे गमच लागतो. सायट्रिक ॲसिडचंही तसंच: पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने, दर वेळी पीएच पट्टी लावून, ५ ते ५.५ च्या आसपास थांबायचं.

कंडिशनर: इथे घाई आणि आळस दोन्ही महाग पडतात

दाणेदार, रव्यासारखा लागणारा कंडिशनर आला की लोक ब्लेंडरला दोष देतात. दोष बहुतेकदा तापमानाचा असतो. बीटीएमएस (केस मऊ करणारा आणि तेल-पाणी एकजीव करणारा मेणासारखा घटक), सेटोस्टेरिल अल्कोहोल (घट्टपणा देणारा मेणासारखा घटक) आणि तेल एका भांड्यात, पाणी आणि ग्लिसरिन दुसऱ्या भांड्यात, आणि दोन्ही भांडी उकळत्या पाण्याच्या परातीत ठेवून ७० ते ७५ अंशांवर आणायची. एक गरम आणि एक कोमट असेल तर वितळलेलं मेण पाण्याला लागताक्षणी गोठतं, मग ब्लेंडरने त्याचे फक्त तुकडे होतात. अंदाज नको, स्वयंपाकाचा काडीवाला थर्मामीटर वापरा. तापवताना पाणी उडून जातं, म्हणून पाण्याचं भांडं आधी आणि नंतर वजन करून जेवढं कमी झालं तेवढं गरम पाणी परत घाला. नाहीतर दर खेपेला कंडिशनर वेगळाच घट्ट येतो.

आता भांडं. रुंद पातेल्यात शंभर ग्रॅम माल घेतला तर ब्लेंडरचं पातं अर्धं बाहेर राहतं आणि हवा ओढत बसतं. भांडं उंच आणि अरुंद हवं, माल निदान चारशे-पाचशे ग्रॅम. ब्लेंडरचं डोकं बंद असतानाच तिरपं करून बुडवा म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते, मग तळाशी धरून वीस-तीस सेकंदांच्या फेऱ्या, एकूण दोन-तीन मिनिटं. ते वरखाली करायचा मोह आवरा. मिश्रण पांढरं, एकसारखं झालं की ब्लेंडर बाजूला ठेवून स्पॅच्युलाने थंड होईस्तोवर ढवळत राहा. गार होतानाही ब्लेंडर चालू ठेवला तर हवा भरते, आणि जमत आलेला घट्टपणा मोडतो. गरम असताना पातळ दिसला म्हणून मेण वाढवू नका, कंडिशनरचा खरा घट्टपणा दुसऱ्या दिवशी कळतो. शंभर ग्रॅमचीच चाचणी करायची असेल तर स्टीलची छोटी तारेची फेटणी बरी, आणि घुसळता घुसळता लाइट गेली तरी हाताशी तीच लागते.

मिक्सरचं भांडं? नाही. गरम मिश्रण बंद भांड्यात फिरवलं की वाफेच्या दाबाने झाकण उडू शकतं आणि हात-तोंड भाजतं. शिवाय झाकणाचं रबर वास सोडत नाही. आमच्याकडे पुढचे आठ दिवस जवसाच्या चटणीला लॅव्हेंडरचा वास होता आणि घरात मला कोणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं.

नागपुरातला मे महिना

प्रत्येक कृतीत लिहिलेलं असतं, प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध ४० अंशांच्या खाली घाला. लिहिणाऱ्याने आपला मे पाहिलेला नसतो. बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि दुपारी स्वयंपाकघरच चाळिशीला टेकलेलं असताना कंडिशनर आपोआप थंड होणार कसा? मग लोक कंटाळून गरम मालातच प्रिझर्व्हेटिव्ह ओततात. काही प्रिझर्व्हेटिव्ह उष्णतेने कमजोर पडतात, आणि पंधरा दिवसांत बाटलीच्या तोंडाशी बुरशीचे ठिपके दिसू लागतात. काम पहाटे काढा, नाहीतर गंज परातीत ठेवून भोवती माठातलं पाणी घाला आणि ढवळत राहा. बर्फ मात्र नको, कडेला चटकन गोठून गुठळ्या होतात.

कूलरनेही एकदा फसवलं. प्रिझर्व्हेटिव्ह साधारण अर्धा ते एक टक्का लागतो, म्हणजे दोनशे ग्रॅम मालात एक ते दोन ग्रॅम. एक ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा स्वयंपाकाचा काटा इथे बिनकामाचा, ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागतो. तो ओट्यावर ठेवला आणि आकडा काही स्थिर होईना. काटा बिघडला म्हणून परत करायला निघाले होते. कूलर बंद केला आणि आकडा जागेवर थांबला.

पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरचं जड पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांमुळे शाम्पूचा फेस आणि घट्टपणा दर वेळी बदलतो.

भांडी कशाची, आणि कोणती अजिबात नको

इतवारीत भांडी घ्यायला गेलात तर स्टीलचीच घ्या, शक्यतो ३०४ ग्रेडची, किंवा बोरोसिलिकेट काचेचा बीकर. ॲल्युमिनियम आणि तांबं-पितळ सायट्रिक ॲसिडला तोंड देऊ शकत नाहीत. लाकडी रवी कितीही प्रेमाची असली तरी लाकूड ओलावा आणि जंतू धरून ठेवतं. आणि ही सगळी भांडी स्वयंपाकापासून वेगळी ठेवा. वापरण्याआधी ती साबणाने धुवून, कोरडी करून, ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लेंडर पुसताना प्लग काढा, एवढं सांगायला नको, पण सांगते.

शाम्पूच्या भांड्यातच कंडिशनर करत असाल तर भांडं नीट धुतलंय ना बघा. एसएलईएस ऋण प्रभाराचा, बीटीएमएस धन प्रभाराचा. थोडासा उरलेला शाम्पूही कंडिशनरमध्ये दह्यासारखे पांढरे कण करतो.

रिठा-शिकेकाई करणाऱ्यांची चूक वेगळी असते. रिठ्याची काळी बी मिक्सरला दगडासारखी लागते, पातं जाऊ शकतं. बी काढून रात्रभर भिजवा, मंद आचेवर उकळा, हाताने कुस्करून मलमलने गाळा. बारीक वाटलं तर गाळ केसांत अडकतो. संत्र्याच्या सालीची पूडही तशीच, विरघळत नाही, तळाशी बसते. हा काढा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, म्हणून तेवढाच करा.

कंडिशनर फाटलाच, म्हणजे वर तेल आणि खाली पाणी दिसलं, तर प्रिझर्व्हेटिव्ह घालायच्या आधी तो वाचवता येतो: परत ७० ते ७५ अंशांवर नेऊन पुन्हा ब्लेंडर फिरवा. प्रिझर्व्हेटिव्ह पडल्यानंतर फाटला तर मी तो टाकून देते. आणि दोन-तीन खेपा छान जमल्या की मैत्रिणी म्हणतातच, "विकत जा ना." घरापुरतं करणं वेगळं. विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो.